पाचव्या मिनिटाची गिटार

घर आलं तरी रिक्षावाल्याने रेडिओ बंद केला नाही. "थांबा काका, आता गिटार येईल!"

गाणं ओळखलं आणि मी ओशाळलो. रेडिओ केंद्रांना सल्ला देणाऱ्या कंपनीत असताना मी लोकांना फोनवर गाण्यांचे आठ-आठ सेकंदांचे तुकडे ऐकवायचो. ओळखू न आलेली गाणी रेडिओवर वाजवायच्या यादीतून कापायचो. आठ सेकंदांत माणूस तरी कळतो का? पुण्याच्या पोरांचं हे रॉक गाणं मीच कापलं होतं. आज कुणीतरी माझ्या यादीला न जुमानता ते पूर्ण लावलं होतं.

गिटार आली. रिक्षावाल्याने हँडलवर ताल धरला.

"आहे की नाही भारी?"

"आहे," मी म्हणालो. इतक्या आनंदाने मी कधीच हरलो नव्हतो. "आवाज वाढव."