सेटिंगच्या फाइलची जुनी प्रत

आमच्या डेस्कवर जुने पान कधी टाकून देत नसत. पानात बदल झाला की आधीच्या फाइलच्या नावाला ‘जुने’ जोडून ती तिथेच ठेवायची. ऐनवेळी जाहिरात रद्द झाली तर तीच कामाला येई. नाशिकमधल्या त्या छोट्या दैनिकाची वेबसाइट सुरू झाली तेव्हा मुख्य उपसंपादकांनी हा नियम साइटचे काम बाहेरून करणाऱ्या इंजिनिअर बाईंनाही लावला. साइटवर फाइली चढवण्याचे काम डेस्ककडेच होते.

साइटवर एक पान होते: ‘आम्हाला कळवा, नाव गुप्त राहील.’ तिथून येवल्याच्या एका विणकराने कळवले की, तो ज्या व्यापाऱ्यासाठी पैठणी विणतो तो यंत्रमागाच्या साड्या हातमागाच्या म्हणून विकतो. खाली नाव आणि फोन. माग व्यापाऱ्याचा, रेशीम आणि जरही त्याचीच. नाव फुटले तर माग जाईल, असे त्याने स्वतःच लिहिले होते. बातमी माझ्याकडे होती. पडताळणी सुरू होती.

एका दुपारी डेस्कवर फोन आला. बोलणाऱ्या बाई वाचक होत्या, सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या.

‘तुमच्या साइटचा पासवर्ड मला ब्राउजरमध्ये दिसतोय. मला दिसतोय म्हणजे सगळ्यांनाच दिसतोय.’

इंजिनिअर बाई तासाभरात आल्या. सेटिंगच्या फाइलशेजारी तिची ‘जुने’ प्रत होती. डेस्कवर कुणीतरी ईमेलचा पत्ता बदलताना ठेवलेली. मूळ फाइल सर्व्हर चालवतो, दाखवत नाही. पण नावाला शेपूट जोडले की तो तिला साधा मजकूर समजतो आणि मागेल त्याला देतो. पत्ता बदलला होता, डेटाबेसचा पासवर्ड तोच होता. आणि कळवणाऱ्यांची नावे, फोन त्याच डेटाबेसमध्ये होते.

‘सर, कुलूप लावून दुसरी किल्ली दारालाच टांगलीत.’

‘जुनी प्रत ठेवायची नाही तर काय करायचं?’ मुख्य उपसंपादक म्हणाले.

‘ठेवा ना. घरात ठेवा, बाहेर ओट्यावर नको.’

त्यांनी पासवर्ड बदलले, सेटिंगची फाइल लोकांना पोचता येणार नाही अशा फोल्डरात हलवली, अशा फाइली देऊ नयेत असे सर्व्हरला सांगितले, डेटाबेसची बाहेरची वाट बंद केली. मग कोणती फाइल कुठून उघडली गेली याच्या सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्या. ती फाइल अनेक अनोळखी ठिकाणांहून उघडली गेली होती. बहुतेक यंत्रे असतात, त्या म्हणाल्या, अशीच नावे धुंडाळत फिरतात. माणूस होता का, त्याने पुढे डेटाबेस उघडला का, हे सांगता येत नव्हते.

विणकराला मी फोन करून झाले ते सांगितले.

‘म्हंजे मालकाला कळलं?’

‘माहीत नाही.’

‘तुमाला बी माहीत नाय?’

‘नाही.’

मागे मागाचा आवाज येत होता. तो थांबला.

‘पेपरवाले लय हुशार म्हनत्यात. नाव गुप्त राहील, असं तुमीच लिवलं होतं ना, भाऊ?’

‘हो.’

‘मागावर साडी हाय. ती अर्ध्यात नाय कोणी काढत. उतरंपर्यंत काय छापू नका.’

बातमी थांबवली. पडताळणी तोवर पूर्ण झाली होती. त्याचे म्हणणे खरे निघाले होते. साडी उतरल्यावर त्यानेच फोन केला. व्यापारी येऊन साडी घेऊन गेला होता, पुढच्या साडीचे रेशीम टाकून गेला होता.

‘म्हणजे त्याला कळलेलं नाही,’ मी म्हणालो.

‘येरवी दहा खोडी काढतो. रंग असाच का, काठ तसाच का. या बारीला काय बी बोलला नाय.’ मग म्हणाला, ‘पोरगी विचारती, आबा, दार वाजलं की तुमी माग का थांबवता.’

‘बातमीचं काय करू?’

‘नका छापू. आन् माझं नाव पुसा तिथनं.’

इंजिनिअर बाईंनी डेटाबेसमधली त्याची नोंद माझ्यासमोर पुसायला घेतली. मुख्य उपसंपादक मागे उभे होते. बाईंनी सवयीने विचारले, जुनी प्रत ठेवायची का? ‘नको,’ ते म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले.