टाळी वाजवली होती ना?

समोर बसून कुणी आपणहून चूक कबूल केली, तर तुमचा हात आधी कुठे जातो? त्याच्या खांद्यावर, की वहीकडे? डेमियनसाहेबांचा वहीकडे गेला होता. तोही टाळी वाजवून झाल्यावर.

फिजीत नाउसोरीच्या बाजारामागे राहणारी उनाईसी चार वर्षं ब्रिस्बेनच्या एका कंपनीचं काम घरून करत होती. दातांच्या दवाखान्यांसाठी रोग्यांना फोनवर वेळा लावून द्यायच्या. तिच्यासारख्या सहा बायका, सहा गावांत, सहा लॅपटॉपसमोर. एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. डेमियनसाहेब तिकडे ब्रिस्बेनला. त्यांनी कुठलंसं दोन दिवसांचं शिबिर केलं आणि तिथून विश्वास शिकून आले. दोन दिवसांत धड पोहायला येत नाही, यांना विश्वास आला.

मग दर शुक्रवारी पडद्यावर मोकळा तास सुरू झाला. प्रत्येकीनं आपली चूक सांगायची. घाबरायचं नाही, ही सुरक्षित जागा आहे, आपण एक कुटुंब आहोत, असं साहेब घोकून आलेले. कुटुंबातल्या निम्म्या जणींची नावं त्यांना उच्चारता येत नव्हती, ते सोडा.

पहिले तीन शुक्रवार बायकांनी ‘मी पाणी कमी पिते’ छापाच्या चुका सांगून निभावले. शहाण्या होत्या. उनाईसीला मात्र एक गोष्ट आतून टोचत होती. एका म्हाताऱ्याला तिनं भलत्याच दवाखान्याचा पत्ता दिला होता. सुजलेला गाल घेऊन तो दीड तास गाडी हाकत गेला नि तसाच परतला. आळ आला त्या दवाखान्यातल्या पोरीवर. उनाईसी तेव्हा गप्प बसली होती.

चौथ्या शुक्रवारी तिनं जमिनीवर चटई अंथरली, लॅपटॉप स्टुलावर ठेवला, त्याच्यापुढे यांगोनाच्या, म्हणजे तिकडच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तिच्या गावात माफी अशीच मागतात. समोरच्यानं ऐकून घेतलं, टाळी वाजवली, की विषय मातीत गेला. तो पुन्हा उकरणाऱ्याला गावात कुणी आपल्या चटईवर बसवत नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अगदी डोळे ओले करून वाजवल्या. उनाईसी त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपली.

वर्ष संपलं. पाळीप्रमुखाची जागा तिचीच, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. तिला पत्र आलं. त्यात चुकीचा पत्ता दिल्याचं ‘स्वतःच्या कबुलीनुसार’ लिहिलेलं, तारखेसकट. बढती नाही. तीन महिने देखरेख, पुन्हा चूक झाली तर नारळ.

आणि या माणसाचा निबरपणा बघा. पुढच्याच शुक्रवारी त्यांनी तिलाच पुढे केलं. लाबासा गावची अश्निता एकीच्या जागी नवीन लागली होती. पोरीनं आठवड्यापूर्वी एका रोगी बाईच्या वेळेची नोंद चुकून पुसली होती, आणि ते तिनं फक्त उनाईसीला फोनवर सांगितलं होतं. साहेब गोड हसून म्हणाले, “उनाईसी, इथं किती मोकळेपणानं बोलता येतं, ते जरा हिला सांग.”

उनाईसीला नोकरी टिकवायची तर दोन गोड वाक्यं पुरेशी होती. पलीकडच्या चौकटीत अश्निता ओठ चावत बसली होती. आता तोंड उघडेल, अशी.

“साहेब, तुम्ही टाळी वाजवली होती ना?”

“हो, अर्थात. किती धीट होतीस तू.”

“मग ते लिहिलंत कशाला?”

साहेब म्हणाले, हे दोघांतच बोलू. मग त्यांचा आवाज तुटायला लागला आणि चौकट काळी झाली. ब्रिस्बेनचं इंटरनेट नेमकं तेव्हाच कसं गेलं, ते त्यांनाच ठाऊक.

अश्नितानं लगेच फोन केला. “दीदी, मी आता काय करू?”

“काय करतेस? त्या बाईचा नंबर दे. दोघी मिळून लावू तिची वेळ.”

लावली. तेव्हापासून सगळ्यांच्या चुका उनाईसीकडे येतात. ती ऐकते, दुरुस्त करायला हात लावते, नि कुठे लिहीत नाही. साहेबांच्या तक्त्यात चुका शून्य. त्या शून्यावर ते आता इतर साहेबांना विश्वास शिकवतात. देखरेखीचे तीन महिने संपले, पण तिची बढती अजून अडकलीच आहे. कागदावर नसली तरी प्रमुख कोण, हे सहाही गावांत माहीत आहे.

तुमच्याही हाताखाली चार माणसं असतील. त्यांनी भरवशानं सांगितलेलं काही तुमच्या वहीत असेल. ती वही आज काढा, आणि ते पान त्यांच्यासमोर फाडा.