पिवळ्या गोळ्या

विलायतेला परत आल्यावर पहिल्याच सकाळी प्रयोगशाळेत माझी जुनी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘रोग्याची कातडी पिवळी होते. अपाय नाही.’ एवढे एक वाक्य घरच्या पत्रात लिहायला मी विसरलो होतो, आणि तिकडे गावी, कोरीटला, माझा थोरला भाऊ गेला.

हिवतापावरच्या नव्या औषधाचे काम आमच्याकडे चालायचे. माझे काम म्हणजे नळ्या धुवायच्या, रक्ताच्या काचा बघायच्या, आकडे लिहायचे, आणि आपण फार मोठे काही करतो आहोत अशा तोऱ्यात राहायचे. ते संपवून सप्टेंबरात मेडिकल कॉलेजात जायचे ठरले होते. दादाला दर पावसाळ्यानंतर हिवताप गाठायचा, म्हणून मी त्या पिवळ्या गोळ्या टपालाने घरी पाठवल्या. दिवसातून तीन, जेवणानंतर, सात दिवस. डबीला ओल लागू देऊ नका, असेसुद्धा बजावून लिहिले. शहाणाच मी!

दादा गेल्याचे पत्र आले तेव्हा सुटी काढून गावी गेलो. काय झाले ते वहिनीने सांगितले. गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी दादाचे तळहात पिवळे दिसायला लागले, मग मान.

“ताप गया, पन कावीय व्हयनी,” वहिनी म्हणाली.

काविळीत गरम औषध चालत नाही, असे घरातल्या मोठ्यांनी सांगितले. तिने स्वतः उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. अक्कलकुव्याच्या बाजारातून काविळीची माळ आणवून दादाच्या गळ्यात घातली. हळद बंद, तेल बंद. माळ वाढत वाढत पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली असे सगळ्यांनी धरले. पंधरा दिवसांनी ताप उलटला, डोक्यात गेला, आणि तीन दिवसांत सगळे आटोपले.

ती कावीळ नव्हतीच, गोळ्यांचाच रंग होता तो. आणखी दोन दिवस गोळ्या पोटात गेल्या असत्या तर बहुधा दादा मला घ्यायला नंदुरबार स्टेशनावर आला असता. पण हे वहिनीला सांगायचे, म्हणजे तुझ्या हाताने गोळ्या बंद झाल्या असे तिच्या तोंडावर सांगायचे. न सांगावे, तर माझी चूक काविळीच्या नावावर खपून जाणार. पुष्कळ दिवस मी तोंड शिवून बसलो. वहिनीची काळजी म्हणून गप्प आहे, अशी मनाची समजूत घालत होतो. खरे तर मी घाबरलो होतो.

शेवटी मायला सांगितले. ती खळ्यावर वाळल्या मिरच्यांची देठे खुडत होती. मी सगळे बोलून टाकले. तिचे हात थांबले.

“मी तवयच सांगं व्हतं. डोया पांढरा शेतस म्हनं. कावीय आधी डोयास्मा दिखस. पन मन्हं कोन आयकस?”

तेही बरोबर होते. कावीळ आधी डोळ्यांत दिसते, आणि या गोळ्यांनी डोळे पिवळे होत नाहीत. तीन वर्षे मी लोकांचे रक्त काचेवर पाहिले, पण एकाही रोग्याच्या डोळ्यांत पाहिले नव्हते. आणि माझी माय, जिला अक्षर ओळखता येत नाही, तिने पाहिले होते. मला इतकी लाज कधीच वाटली नाही.

मायचे डोळे वाहत होते आणि मिरच्यांच्या हातांनी तिला ते पुसता येत नव्हते. मी माझ्या रुमालाने पुसले. मग ती म्हणाली, “तिले नको सांगजो. ती मरी जाई.”

“आणि मी काय करू?”

“तू जाय. डॉक्टर व्हय.” आणि तिने पुढची मिरची उचलली.

इथे आमचे प्रोफेसर म्हणतात, रोगी बघायला पुष्कळ डॉक्टर आहेत, तू संशोधनातच राहा. ते भले माणूस आहेत. मी उन्हाळाभर त्यांच्या नळ्या धुईन आणि सप्टेंबरात जाईन. पण मला चैन पडत नाही. माझ्या वाटची गोष्ट मायने गिळली आणि मी बोटीत बसून निघून आलो, हेच पुनःपुन्हा मनात येते.

निघताना दारात बैलगाडी जुंपलेली होती. वहिनीने दशम्यांचे गाठोडे माझ्या हातात दिले. तिच्या मागे माय उभी होती, माझ्याकडे बघत.

“भाऊ,” वहिनी म्हणाली, “तुम्ही डॉक्टर व्हयनात म्हंजे कावीयवर काही औषध शोधज्यात.”

मी मायकडे पाहिले, आणि “हो वहिनी” म्हणालो.