आईंचा बेडूक माझ्याकडेच राहणार

आज माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध. सकाळी उठून मी आधी बेडकाला किडे खायला घातले.

जिवंत किडे. शुद्ध शाकाहारी घरात. श्राद्धाच्या दिवशी.

ज्यांना कसंसं होतंय त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

काल आमच्या नात्यातल्या एका मावशींचा फोन आला होता. आजच्या दिवशी तरी घरात जीवहत्या नको, आणि वर्ष झालं, आता तो बेडूक कुणाला तरी देऊन टाक, असं पंधरा मिनिटं समजावलं त्यांनी मला.

मावशी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहितीये. वाचाच.

सासरे गेल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे अमेरिकेत बॉथेलला राहायला आल्या. तीन वर्षांनी कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली त्याच आठवड्यात माझ्या लेकीनं, ईशानं, मैत्रिणीकडून ट्री फ्रॉगचं पिल्लू आणलं. हिरवंगार, नखाएवढं. स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिकच्या डब्यात.

मी म्हटलं, परत दे. घरात आधीच काय कमी चाललंय?

आईंनी चष्मा लावला, डबा उजेडात धरला आणि म्हणाल्या, हा झाडावरचा आहे, हा इथे जगणार नाही.

मी वैतागले होते. नको ते बोलून गेले. म्हटलं, "आई, हे बेडूक पंधरा-पंधरा वर्षं जगतात. तुमचं आत्ता..."

आणि जीभ चावली.

आई शांतपणे म्हणाल्या, "मी मरणार आहे म्हणून त्यानं डब्यात राहायचं का?"

झालं. विषय संपला.

तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलेली बाई. हॉस्पिटलच्या कागदाच्या मागे काचेच्या टाकीचं चित्र काढलं. माझा नवरा दुकानात लांबलचक टाकी उचलायला गेला तर त्याला अडवलं. याला जमीन नको, उंची हवी. उभी टाकी घे, वर जाळीचं झाकण.

खाली रंगीत खडे नाहीत, किड्याबरोबर गिळेल. नारळाचा भुसा घातला. (नारळाच्या शेंड्यांचा भुसा विकत मिळतो, यावर त्या दोन दिवस हसत होत्या.) मग आडव्यातिडव्या फांद्या. मग माझा मनी प्लांट, मला न विचारता अर्धा कापून. इस्त्रीची स्प्रे बाटली कायमची जप्त. सकाळ-संध्याकाळ फवारा.

आणि रातकिडे.

आयुष्यात केकसुद्धा एगलेस आहे का विचारून खाल्लेल्या आईंनी रातकिड्यांचा डबा स्वतःच्या हातांनी उघडला. किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, शेंगदाणे मसाल्यात घोळवतो तसे. बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको, पिल्लू आहे ते.

एकदा एकादशीला मीच म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाल्या, "उपास माझा आहे, त्याचा नाही."

मावशी, ऐकताय ना?

सगळं मस्त चाललं होतं. बेडूक, म्हणजे आईंचा बाळ्या, टुणटुणीत झाला होता. आणि मग तो एकाएकी मलूल झाला. रंग उतरला. खाली भुशात बसून राहायचा. फांदीवर चढेना, खाईना.

आई त्या दिवशी केमो कॅन्सल कर म्हणाल्या. मी केली नाही.

ईशानं प्राण्यांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, पाणी कसलं घालता?

आई रोज सकाळी तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायच्या. जे आपण प्यायचं तेच त्याच्या वाटीत. शुद्ध म्हणून.

"आजी, इट्स द कॉपर," ईशा हळूच म्हणाली. "फ्रॉग्ज स्किननी पाणी घेतात. इट्स पॉयझन फॉर देम."

आईंचा चेहरा मी विसरणार नाही. खुर्चीत बसूनच राहिल्या. बुरशी मारायला मोरचूद वापरतात, त्यात तांबंच असतं, हे मी पोरांना शिकवलंय गं, म्हणाल्या. मग उठल्या, टाकीजवळ गेल्या, काचेला हात लावला आणि त्या टीचभर बेडकाला म्हणाल्या, चुकलं रे माझं.

सबंध टाकी रिकामी केली. भुसा नवा, वाटी नवी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब आणले. तांब्या माळ्यावर गेला. स्वतःसाठीसुद्धा परत काढू दिला नाही.

आठ दिवसांनी बाळ्यानं एक किडा खाल्ला. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या आईंनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सात महिने जगल्या त्या. शेवटी बेड फॅमिली रूममध्ये हलवला, टाकीसमोर. लोक भेटायला यायचे, टाकीकडे बघून नाक मुरडायचे. आई प्रत्येकाला बेडूक दाखवायच्या.

सासू जाताना सुनेला काय सांगते? माझ्या मुलाला सांभाळ, देवाचं बघ.

माझ्या सासूनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पाणी कसलं घालशील?"

म्हटलं, "थेंब घातलेलं, आई."

"तांब्यातलं?"

"नाही. कधीच नाही."

मग डोळे मिटले. माझ्याशी बोललेलं हे शेवटचं.

तर मावशी, बेडूक कुणालाही मिळणार नाही. त्याला अजून तेरा वर्षं जगायचंय. किडे रोजच्यासारखे येतील, एकादशीलाही.

तांब्या आज दीड वर्षानं माळ्यावरून खाली काढला. चिंचेनं घासला. तुमच्या मुलानं त्यातूनच तुम्हाला पाणी दिलं, आई.

बाळ्याला त्याचं वेगळं दिलंय. चार किडे खाऊन सगळ्यात वरच्या फांदीवर बसलाय.

तुम्ही निवांत असा.