फाटक्या कोटाचा वास

ऑरिन स्कॉगलंडच्या खोलीत शिरायचं तर आधी बूट काढायचे, मग त्याने दिलेल्या सपाता घालायच्या, मग डोक्याला जाळीची टोपी आणि हाताला निळे मोजे. एवढं सोवळं नेसून आत गेल्यावर करायचं काय, तर हात मागे बांधून उभं राहायचं. माझा गुडघा ज्या इस्पितळात बदलला, तिथल्या डॉक्टरांनीसुद्धा माझा इतका विटाळ मानला नव्हता. ऑरिन स्वतः छातीपर्यंत रुळणाऱ्या दाढीलाही जाळी बांधायचा. त्यामुळे सदुसष्ट वर्षांचा हा माणूस आत वावरताना कुणीतरी कोबी पिशवीत घालून ठेवल्यासारखा दिसे.

आत दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात त्याची गांजाची झाडं कवायतीला उभी असत. माती औषधालाही नाही. नारळाचा धुतलेला भुसा, त्यात नळ्या, नळ्यांतून बाटलीतलं खत मोजून थेंब थेंब. सकाळी भेटला की लोक "काय, कसं काय?" म्हणतात, हा म्हणायचा, "पाच पॉइंट आठ." ती पाण्याची आम्लता. सहा पॉइंट दोन असली तर समजायचं, आज ऑरिनशी बोलू नये.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या आमच्या टेकड्यांत हे सगळं नवीन होतं. ऑरिन एके काळी आमच्यासारखाच होता. तो आणि मार्वा असे दोघं बावीस वर्षं वरच्या कड्यावर एका झोपडीत राहिले. तेव्हा हे पीक चोरून घ्यावं लागे. ओकच्या झाडांखाली रोपं लपवायची, हेलिकॉप्टरचा आवाज आला की ताडपत्री ओढायची. पाण्याच्या नळ्या ऑरिनच्या ताब्यात, माती मार्वाच्या. ती किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून खेकड्यांची कवचं पोत्याने आणायची, कुटायची, पालापाचोळ्यात मुरवायची. तिच्या एका जुन्या कोटाच्या फाटक्या अस्तरात कुणी दिलेलं मूठभर बी सापडलं होतं, त्यातून एक झाड असं निघालं की त्याचा वास आला की माणसं बोलता बोलता थांबायची. त्या वाणाचं नाव पडलं 'फाटका कोट'.

मग कायद्याने परवानगी दिली. ऑरिन म्हणाला, "आता लपायचं कशाला? खाली गावात खोली घेऊ, दिवे लावू, सगळं मोजून करू." मार्वा म्हणाली, "कापसात वाढवलेलं झाड मी झाड मानत नाही. आणि ते वाढवणाऱ्याचं काय करायचं ते ठरवते." तिने ठरवलं. ती किनाऱ्यावर बहिणीकडे राहायला गेली. कडा विकला गेला. तिथे आता घोडे चरतात. फाटक्या कोटाची एक फांदी ऑरिनने खाली आणली होती, तिचं आईझाड करून तो त्याची कलमं करत राहिला. जगात तो वाण उरला तो फक्त त्याच्या खोलीत.

आमच्याकडे एक रीत आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी सगळे बागवाले अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमतात. भोपळ्याचं सूप होतं, मक्याचा ब्रेड होतो, मग खुर्च्या गोल मांडून आपापल्या पिकाच्या वाळवलेल्या फुलांच्या बरण्या फिरवायच्या. ज्याच्या हातात बरणी येईल त्याने झाकण उघडायचं, हुंगायचं आणि फक्त एक शब्द बोलायचा. त्यावर वाद घालायचा नाही. माझ्या बरणीला एकदा 'शाळा' असा शब्द मिळाला होता, मी अजून त्यावर विचार करतो आहे.

मार्वा दर वर्षी यायची. ऑरिनच्या बरणीला तिने नऊ वर्षं एकच शब्द दिला, "स्वच्छ." ऑरिन मान हलवायचा, जणू बक्षीस मिळालं. पण गेल्या वर्षी ती बरणी हातात घेऊन "स्वच्छ" म्हणाली आणि मग झाकण उघडलं. सगळ्यांनी पाहिलं. ऑरिनने त्या दिवशी सूपही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॅन्झीच्या दारात उभा. टॅन्झी म्हणजे आमची गांडुळवाली. टेकडीवर जन्मलेली, पस्तिशीची, गोठ्यात गांडूळखत करते आणि माणसांपेक्षा गांडुळांशी जास्त आदराने बोलते.

"मला जिवंत माती पाहिजे," ऑरिन म्हणाला.

"तुला? दाढीला जाळी लावून ये मग, माझी गांडुळं घाबरतील."

"थट्टा नको. तिला हुंगायचीसुद्धा गरज वाटली नाही, टॅन्झी. मला तो वास परत पाहिजे. कड्यावरचा. एकदाच."

टॅन्झी फावडं घेऊन आली. तिने त्याच्या खोलीत कापडी वाफे मांडले, त्यात कंपोस्ट, ज्वालामुखीचा सच्छिद्र खडा, समुद्री शेवाळाची पूड, गांडुळं आणि वर पेंढ्याचं पांघरूण. ऑरिन वही घेऊन मागे मागे.

"आम्लता किती ठेवायची?"

"गांडुळांनी अजून विचारली नाही."

"खत किती दिवसांनी द्यायचं?"

"द्यायचंच नाही. पाणी घाल, बाजूला हो."

"आणि मी काय करायचं?"

"हेच तर तुझं दुखणं आहे, ऑरिन. खुर्ची आण आणि बस."

बसणं हे त्या माणसाला फाशीपेक्षा कठीण. तरी तो तीन महिने बसला. आणि मग फेब्रुवारीत एका सकाळी पेंढा उचलून बघतो तर मातीवर हजारो पांढरे बारीक किडे टुणटुण उड्या मारत होते. दहा वर्षं या माणसाने खोलीत माशी येऊ दिली नव्हती. त्याने आधी हात धुतले, मग मोजे चढवले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या दोन बादल्या वाफ्यांत ओतल्या. माती दुधासारखी फसफसली. ऑरिनला बरं वाटलं. त्याने वहीत लिहिलं: 'प्रादुर्भाव आटोक्यात.'

टॅन्झी आली तेव्हा उरलीसुरली गांडुळं वाफ्याच्या कापडावरून बाहेर चढत होती.

"काय केलंस?"

"किडे झाले होते. साफ केले."

"पांढरे? उड्या मारणारे?"

"हजारो!"

टॅन्झी जमिनीवर बसली. "अरे बैला, ती तुझी नोकरमंडळी होती! कुजलेलं खाऊन झाडाला वाढायची. ती आली म्हणजे माती जिवंत झाली. एवढं लग्नाचं वऱ्हाड दारात आलं आणि तू त्यांच्यावर फिनेल ओतलंस?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"मार्वाने बावीस वर्षं सांगितलं असेल. तू नळ्या मोजत होतास."

हे तिने बोलायला नको होतं आणि ते तिलाही कळलं. ऑरिनने मोजे काढले, नीट घडी घातली आणि ते कचऱ्यात टाकले. मग म्हणाला, "पुन्हा करू. पण या वेळी माती मी आणतो."

तो कड्यावर गेला. सोबत मला घेऊन गेला, कारण घोड्यांची त्याला भीती वाटते. तिथल्या घोड्यांच्या मालकिणीने हवं तेवढं खणायला सांगितलं. जुन्या ओकखाली त्याने गुडघे टेकले आणि खणायला लागला. वीतभर खाली खेकड्याच्या कवचाचा एक तांबूस तुकडा निघाला, मग आणखी एक. ऑरिन ते तळहातावर घेऊन इतका वेळ बसला की एक घोडा येऊन त्याची दाढी हुंगून गेला, तरी त्याला पत्ता नाही.

पाच बादल्या माती आणली, कवचांसकट. मार्चभर ती नव्या वाफ्यात मुरू दिली, एप्रिलमध्ये फाटक्या कोटाची कलमं लावली. पांढरे किडे पुन्हा आले. ऑरिन त्यांना "या, या" म्हणायला लागला. ऑगस्टात कापणी केली, टांगून वाळवलं, बरणीत भरलं. सप्टेंबरात पहिल्यांदा झाकण उघडलं त्या दिवशी तो मला सांगत होता की त्याला पालथ्या बादलीवर बसावं लागलं. "आला," एवढंच म्हणाला. "सगळाच्या सगळा आला."

मग फक्त वाट बघायची होती. नोव्हेंबर येईपर्यंत त्याने दाढी दोनदा धुतली आणि एकदा कापली, तीही वाकडी.

हॉलमध्ये मी मार्वाच्या डाव्या हाताला बसलो होतो, बरणी तिच्याकडून माझ्याकडे यायची होती. ऑरिन रीत मोडून खुर्ची सोडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मार्वाने झाकण उघडलं. मला हातभर अंतरावरून तो वास आला आणि मी सूपाचा चमचा खाली ठेवला. मार्वाने हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिचा चेहरा कोरा.

"बोल ना," ऑरिन म्हणाला. "स्वच्छ म्हण, काहीही म्हण."

"ऑरिन," ती हळूच म्हणाली, "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, तेव्हापासून. कॉफीचा नाही, समुद्राचा नाही. गेल्या वर्षी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

वर्षभर ऑरिनने जे सांभाळलं होतं ते तिच्या मांडीवर उघडं पडलं होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचायची वाटच बंद होती.

"कसा आहे?" तिने विचारलं. "तू सांग."

"आम्लता सहा पॉइंट..."

"आकडे नकोत, मेल्या."

ऑरिन तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आधी लोकर येते. ओली. तुझा तो करडा स्वेटर टाकीवर वाळत घातलेला असायचा, तशी. मग प्लम. झाडावरचे नाही, खाली पडलेले, गांधीलमाश्या बसलेले. त्यांच्या मागून कंदिलाचं रॉकेल. आणि अगदी शेवटी खेकडे."

"फुलात खेकडे कुठून येतील?"

"मला काय माहीत. आहेत."

"वॉफल आहे?" वॉफल म्हणजे त्यांचा कुत्रा, मरून बारा वर्षं झाली.

"आहे. भिजलेला."

"कोरडा कधी होता तो?" मार्वा हसली आणि डोळे पुसायला लागली. मग तिचं लक्ष बरणीला धरलेल्या त्याच्या बोटांकडे गेलं. तिने त्याचे दोन्ही हात ओढून खिडकीच्या उजेडात धरले. नखांत माती होती, काळी, जुनी, धुऊन न जाणारी. एकेक नख तिने अंगठ्याने चोळून पाहिलं, दहाच्या दहा.

"घाणेरडा," ती म्हणाली.

रीतीप्रमाणे एकच शब्द. वाद घालायचा नाही. कुणी घातला नाही.

यानंतर बरणी माझ्याकडे यायला हवी होती. मी बराच वेळ हात पुढे करून बसलो. मार्वाने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि बरणी मांडीवर धरून ठेवत त्याला म्हणाली, "लोकरीपासून सांग परत. हळू." शेवटी मी उठलो आणि दोघांसाठी सूप आणायला गेलो.