आधीचा फोटो

बोरी अरबच्या त्या बाईंना गरीब करायला आम्हाला पाच मिनिटं लागली.

मी तेव्हा यवतमाळच्या एका संस्थेत होतो. देणगीदारांना पाठवायच्या यशोगाथा लिहिणं हे माझं काम. प्रत्येक यशोगाथेला दोन फोटो लागत, मदतीच्या आधीचा आणि नंतरचा. अडचण अशी, की या बाईंची पिठाची चक्की आम्ही उगवण्याच्या कितीतरी आधीपासून जोरात चालली होती. आमची मदत म्हणजे एक वजनकाटा. पण वजनकाट्यावर कोणता देणगीदार पाघळतो? म्हणून आधीचा फोटो आम्ही नंतर काढला. बाईंचा चष्मा उतरवला, पदर विस्कटला, शेजारच्या पडक्या गोठ्यापुढे त्यांना उभं केलं. "हसू नका," हे मीच सांगितलं. वजनकाट्यापायी त्यांनी तेही ऐकलं.

संचालकांनी पत्रकावर फक्त आधीचाच फोटो छापला. हसऱ्या बाईला कोणी पैसे देत नाही, हा सरांचा सिद्धांत. खाली माझी ओळ होती, 'हिला दोन वेळचं अन्न द्याल?'

हे पत्रक फिरत फिरत दारव्ह्याला पोचलं, नेमकं बाईंच्या मुलीला पाहून गेलेल्या घरी. सोयरीक अडली. बाई पत्रक घेऊन ऑफिसात आल्या.

"चला माह्यासंगं. खरं काय थे सांगा त्याईले."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नंतरचा फोटो दाखव. जास्त बोलू नकोस."

दारव्ह्याला मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मुलाच्या वडलांनी आधीचा पाहिला, नंतरचा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"संस्था असावी तं अशी. कुठून कुठं नेलं बाईले! आमची सोयरीक पक्की. अन् आमच्या नावाची बी एक पावती फाडा."

बोलायची वेळ हीच होती. मी पावतीपुस्तक उघडलं. बाई चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. पोरीचं जमत होतं.

एसटीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, चक्की मी माह्या भरवशावर उभी केली. येवढं सांगाले तुमचं तोंड काहून नाई उघडलं?"

मला लाज वाटली. मी पावतीपुस्तक पिशवीत तळाशी सारलं.

सरांना सोयरीक फार आवडली. यशोगाथेसाठी लग्नाचा फोटो आण म्हणाले. मुलाकडून संस्थेला पत्रिका आली. बाईंकडून वजनकाटा आला, स्वच्छ पुसलेला.