चुकीसोबत वाक्य द्यावं का

आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमर आपल्या कामात जोडून घेतात तो तयार कोड, लोकांनी भरलेली माहिती तपासते. पूर्वी काही चुकलं की ती इंग्रजीत एक वाक्य परत द्यायची: 'वय बरोबर नाही.' त्या वाक्याचं कोडनं करायचं काय? मी वाक्यं बंद केली. आता प्रत्येक चूक एक ऑब्जेक्ट. त्यात कप्पे: रकाना कोणता, भरलं काय, नियम कोणता मोडला.

हा कोड वाचून मंजूर करायला दुसऱ्या टीममधला एक जण मिळाला. बसवनगुडीचा, म्हणजे या कन्नड शहराच्या जुन्या भागातला, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी. मी पुण्याहून आलेली, राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात. दोघंही घरून काम करायचो, त्यामुळे भेट कधीच नाही. चॅटवर मात्र तो मराठीत लिहायचा.

"अक्का, वाक्य का काढलं? कप्पे बघून माणसाला काय कळणार?"

"कप्पे माणसासाठी नाहीतच. वाक्य स्क्रीन बनवणाऱ्यानं लिहावं."

"त्यानं आळस केला तर?"

"तर त्याला ओरडा. मला कशाला?"

"पुण्याचं पाणी! स्वल्प ऐका तरी."

घरी मी एकटी असते. दिवसभरातलं माझं मराठी ते एवढंच, तेही टाइप केलेलं. जेवणाचं ताट मी लॅपटॉपशेजारी ठेवू लागले. हे काम मंजूर झालं की तो दुसऱ्या प्रोजेक्टवर जाणार होता आणि बोलायला विषय उरणार नव्हता.

आमची लायब्ररी वापरणाऱ्या होसकोट्याच्या एका कारखान्याला कामगारांसाठी सूचना कन्नडमध्ये हव्या होत्या. मी लिहिलं, "इंग्रजी वाक्य आत कोंबलं तर यांनी काय करायचं?"

त्याचं उत्तर आलं. "सरी, अक्का, तुमचंच बरोबर. हरलो. कन्नड वाक्यं मी लिहून देतो."

त्यानं ती दिलीही. मग माझ्याच लक्षात आलं, की कामगारांची अख्खी यादी एकदम तपासली तर चूक कितव्या ओळीत आहे ते ऑब्जेक्टला सांगता येत नाही. त्याला विचारलं असतं तर आणखी आठवडाभर वाद चालला असता. पण उत्तर मला माहीत होतं. ओळीचा कप्पा वाढवला आणि पाठवून दिलं. त्यानं मंजूर केलं.

"आता कॉफीला या अक्का. मेट्रो आहे की."

"येते."

दिवस त्यानंही विचारला नाही, मीही सांगितला नाही.

पुढचं काम नव्या माणसाकडे गेलं. माझा चहा उकळायच्या आत त्याचा मंजुरीचा अंगठा चॅटवर आला, प्रश्न एकही नाही. चूक सापडली नाही की वाचलंच नाही, कळायला मार्ग नव्हता. गॅस बंद करून मी सगळा कोड पुन्हा वाचून काढला. एक चूक होती.